खरबुजाचं पाणी तोडायला टेन्सिओमीटर आणि ब्रिक्स मीटर: किती कामाचे, कुठे फसवतात

खरबुजाला शेवटी पाणी तोडलं की गोडी भरते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती दिवस आधी तोडायचं यावर मात्र एकाच बांधावर चार मतं निघतात. कुणी पाच दिवस म्हणतो, कुणी दहा, आणि बियाण्याचा दुकानदार बहुधा आठवर येऊन थांबतो. चौघेही आपापल्या रानापुरते बरोबर असू शकतात. मुरमाड रानात आठ दिवस पाणी बंद ठेवलं तर वेल करपतो, आणि भारी काळ्या रानात त्यातले पहिले चार-पाच दिवस जमिनीला पत्ताही लागत नाही. हे काम तारखेवर न सोडता मोजून करायचं तर दोन साधी उपकरणं बाजारात मिळतात: मातीतला ताण दाखवणारा टेन्सिओमीटर आणि फळातली साखर दाखवणारा हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे आपला ब्रिक्स मीटर. उन्हाळी खरबूज, गादीवाफ्यावर (बेडवर) लागवड, मल्चिंग म्हणजे वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिक कागद, आणि ड्रिप म्हणजे ठिबक, एवढं गृहीत धरून दोन्हींचा हा परखड हिशेब.

निकाल आधीच सांगून टाकू. ब्रिक्स मीटरला पाचपैकी साडेचार. टेन्सिओमीटरला मध्यम पोयट्याच्या जमिनीत साडेतीन, भेगाळणाऱ्या काळ्या रानात जेमतेम दोन. दोन्ही घ्यायची ऐपत असेल तर उत्तम. एकच घ्यायचा असेल तर डोळे झाकून ब्रिक्स मीटर.

पाणी तोडल्यावर फळात काय होतं

केळी, आंबा तोडल्यावर गोड होतात, कारण त्यांच्यात साठलेल्या स्टार्चची नंतर साखर होते. खरबुजात स्टार्चचा असा साठा नसतो. देठापासून सुटल्यावर वास वाढेल, गर मऊ होईल, रंग चढेल, पण साखर एका दाण्यानेही वाढणार नाही. जी काही गोडी यायची ती वेलावर असतानाच, तीही बहुतेक शेवटच्या दहा-बारा दिवसांत. फळ धरल्यापासून पिकेपर्यंत जातीप्रमाणे पस्तीस ते पंचेचाळीस दिवस जातात. त्यातले पहिले तीन-चार आठवडे फळ नुसतं फुगत असतं आणि खरी साखर भरणं त्यानंतर सुरू होतं.

ती साखर येते पानांतून, आणि गफलत इथेच होते. पाणी जास्त राहिलं तर फळ पाणी ओढतं, गर पांचट होतो, साल तडकते, माल गाडीत टिकत नाही. हे सगळ्यांना दिसतं म्हणून सगळे पाणी तोडतात. पण फार तोडलं की पानं आपली रंध्रं मिटून घेतात आणि अन्न तयार करणं थांबवतात. ज्या दिवसांत साखर यायची, त्याच दिवसांत कारखाना बंद. वर पाला सुकून खाली बसला की फळं उघडी पडतात आणि एप्रिलच्या उन्हात त्यांच्यावर पांढुरके चट्टे उठतात. म्हणजे शेवटच्या पंधरवड्यात पाणी हळूहळू कमी करत न्यायचं आणि पान मात्र तोडणीच्या दिवसापर्यंत कामावर ठेवायचं. दोन्ही उपकरणांची खरी परीक्षा या कामात आहे.

आधी कागदावरचा हिशेब

उपकरण घेण्याआधी आपल्या ड्रिपमधून तासाला किती पाणी पडतं हे माहीत हवं. दोन लॅटरलमध्ये (ठिबकच्या नळ्यांमध्ये) पाच फूट, म्हणजे दीड मीटर अंतर असेल तर एकरात साधारण २,७०० मीटर नळी बसते. ड्रिपर ४० सेंटिमीटरवर असले तर ते पावणेसात हजारांच्या आसपास होतात. ताशी दोन लिटरचा ड्रिपर धरला तर एका तासाला साडेतेरा हजार लिटर पाणी. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर, तेव्हा तासाभरात सव्वातीन मिलिमीटर.

पिकाची गरज काढायला जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या कोष्टकातले पीक गुणांक वापरतात; हवामानामुळे रोज उडून जाणाऱ्या पाण्याला, म्हणजे संदर्भ बाष्पोत्सर्जनाला, त्यांनी गुणायचं. गोड खरबुजासाठी पीक भरात असताना १.०५ आणि हंगामाच्या शेवटी ०.७५. उन्हाळ्यात संदर्भ बाष्पोत्सर्जन दिवसाला सहा मिलिमीटर धरलं, तर भरात ६.३ आणि शेवटी ४.५ मिलिमीटर. मल्चिंगमुळे यातून वीस टक्के वजा करायला हरकत नाही. मग भरात दिवसाला वीस-एकवीस हजार लिटर, म्हणजे दीड तास ड्रिप. शेवटी साडेचौदा हजार, म्हणजे तासाभराच्या थोडं वर. थोडक्यात, कोष्टकच सांगतं की पिकाची भूक शेवटी जवळपास तीस टक्क्यांनी घटते. तेव्हा दीड तासावरून एका तासावर येणं ही नुसती बरोबरी झाली, ताण नव्हे. खरा ताण त्याखाली सुरू होतो.

आता जमीन. मुळ्यांचा मुख्य पसारा वरच्या ४० सेंटिमीटरमध्ये धरा. हलक्या मुरमाड जमिनीत एवढ्या थरात पिकाला घेता येईल असं पाणी तीस-बत्तीस मिलिमीटर असतं, भारी जमिनीत सत्तरच्या आसपास. त्यातलं निम्मं संपेपर्यंत पीक कुरकुर करत नाही. शिवाय ड्रिपने सगळं रान भिजत नाही, बेडचा पट्टा भिजतो. तो साठ टक्के धरा. रोज चार मिलिमीटर उपसा असेल तर पूर्ण बंद पाण्यावर मुरमाड रान अडीच दिवसांत ताणावर येतं, भारी रानाला पाच-सव्वापाच दिवस लागतात. 'आठ दिवस आधी बंद' हा सल्ला दोन्ही ठिकाणी सारखा देणाऱ्याने हा गुणाकार केलेला नसतो.

टेन्सिओमीटर

रचना अगदी साधी. खाली सच्छिद्र चिनीमातीचं टोक, वर प्लास्टिकची नळी, नळीत पाणी, वर झाकण आणि बाजूला सेंटीबारमध्ये ० ते १०० दाखवणारा गेज. माती सुकायला लागली की टोकातून पाणी ओढून घेते, नळीत निर्वात तयार होतो आणि सुई वर जाते. मुळाला मातीतून पाणी ओढायला जेवढा जोर लावावा लागतो, साधारण तेवढाच आकडा गेजवर दिसतो. त्यामुळे त्याला जमिनीचा प्रकार कळण्याची गरज पडत नाही. सेंटीबार आणि किलोपास्कल एकच. काही गेजवर दुसरं नाव छापलेलं असतं, गोंधळू नये.

आकडे असे वाचायचे. दहाच्या खाली म्हणजे रान चिंब, मुळांना हवा नाही. पोयट्याच्या जमिनीत वीस-पंचवीस म्हणजे वाफसा, ना चिंब ना कोरडी अशी ओल. फळ फुगत असताना वरचा मीटर तीस-पस्तीसला आला की पाणी द्यावं. साखर भरण्याच्या टप्प्यात तो पंचेचाळीस ते पन्नासपर्यंत जाऊ द्यावा. साठच्या पुढे जाऊ देणं म्हणजे पानांशी वैर.

एकच मीटर घेऊन फारसा उपयोग नाही. दोन घ्या: एकाचं टोक २० सेंटिमीटरवर, दुसऱ्याचं ४५ वर. एवढ्या खर्चात या जोडीइतकं काही शिकवणारं दुसरं साधन नाही, कारण वरचा मीटर मुळांची आजची गोष्ट सांगतो आणि खालचा शिल्लक सांगतो. वरचा चाळीस, खालचा वीस असेल तर ताण बरोबर बसतोय: वर कोरडं, खाली आधार. वरचा पंधरा आणि खालचा दहा-बारावर चिकटून बसला असेल तर पाणी मुळांखाली वाया चाललंय, आणि ड्रिप बंद केलं तरी वेल कितीतरी दिवस खालचं पाणी पीत राहील. भारी रानात पाणी तोडूनही खरबूज फिकं निघण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. दोन्ही मीटर एकदम वर चढायला लागले, खालचा चाळीस ओलांडून गेला, की मात्र थांबायची वेळ झाली; त्या दिवशी पाणी द्यायलाच हवं.

आकडा वाचायचा सकाळी, सहा ते आठच्या दरम्यान, रोज त्याच सुमारास. रात्रभरात माती आणि मूळ समतोलाला आलेले असतात. दुपारचा आकडा बघून घाबरून पाणी सोडणारे बरेच असतात. वेलाचंही तसंच: एप्रिलमध्ये दुपारी दोनला पानं माना टाकणारच. संध्याकाळी ती उभी राहिली तर ठीक. सकाळी सातला उन्हाआधीच पानं मलूल असतील, तर ताण हाताबाहेर गेला.

बसवण्यात निम्मं यश आहे, आणि सोबतच्या पुस्तिका इथे फार कंजूष असतात. मीटर रात्रभर बादलीत टोक बुडवून ठेवावा. भरायचं पाणी दहा मिनिटं उकळून, झाकून गार केलेलं हवं. साध्या पाण्यात विरघळलेली हवा नंतर बुडबुडा होऊन वर बसते आणि सुई आळशी होते. रानात नेण्याआधी चाचणी घ्या: भरलेला मीटर वाऱ्यावर टांगून ठेवला की तास-दोन तासांत सुई साठ-सत्तरच्या पुढे गेली पाहिजे आणि टोक पाण्यात बुडवताच काही मिनिटांत शून्याजवळ आली पाहिजे. हलत नसेल तर टोकाला तडा आहे किंवा झाकणाची रबरी वायसर गळतेय. परत करायचा तो या वेळी करा, महिन्याने दुकानदार दाद देत नाही.

जागा निवडताना पाण्याची कड किंवा बांधालगतची ओळ टाळावी. प्लॉटच्या मध्यात, सुदृढ वेलाजवळ, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, दोन रोपांच्या मधोमध. नळीच्याच जाडीच्या लोखंडी पाइपने भोक पाडायचं. त्यातून निघालेली माती चाळून पातळ राबडी करायची, ती भोकात ओतायची आणि मग मीटर दाबून बसवायचा, म्हणजे टोकाभोवती पोकळी राहत नाही. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते: मल्चिंगला पाडलेलं भोक नळीभोवती चिकटपट्टीने बंद करा आणि बुडाशी मातीचा छोटा उंचवटा करा. नाहीतर पाणी नळीच्या कडेने सरळ टोकापर्यंत उतरतं आणि मीटर रान ओलं असल्याची खोटी साक्ष देत राहतो.

आता दोष. पहिला मोठा दोष हा की ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे टोकातून हवा आत शिरते आणि सुई परत शून्याकडे घसरते. नवख्या माणसाला वाटतं पाऊस पडला की काय. सुई खाली आणि नळीतलं पाणीही खाली, असं दिसलं तर ते रान ओलं झाल्याचं लक्षण नव्हे, मीटर रिकामा झाल्याचं आहे. पुन्हा भरा, हवा ओढायच्या हातातल्या छोट्या पंपाने नळीतली हवा काढा, दुसऱ्या दिवसापासून आकडा धरा. समुद्रसपाटीपासून उंची वाढते तशी ही मर्यादाही दर शंभर मीटरला सुमारे एका सेंटीबारने खाली येते, तेव्हा घाटमाथ्यावरच्या रानात शंभरपर्यंतच्या गेजचा शेवटचा भाग शोभेचाच. नळीतल्या पाण्याच्या उंचीचाही बारीक फरक पडतो, दर दहा सेंटिमीटरला एक सेंटीबार. ४५ सेंटिमीटरवरच्या मीटरमधून चार-पाच वजा करायला विसरू नये.

दुसरा दोष काळ्या रानाचा. माती आकसून भेगा पडल्या की टोक आणि माती यांची गाठ सुटते आणि सुई मनाला येईल तिथे उभी राहते. मल्चिंगखाली भेगा कमी पडतात हे खरं, पण शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, त्या पडतातच. तिथे मुठीतला मातीचा गोळा जास्त प्रामाणिक: वीतभर खोल उकरून माती दाबली की लाडू झाला पाहिजे आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर तो फुटला पाहिजे. फुटलाच नाही तर अजून ओल आहे, मुळात वळलाच नाही तर उशीर झाला.

देखभालीचा त्रास खराच आहे. दर आठ-दहा दिवसांनी पाणी भरावं लागतं, नळीत शेवाळ धरतं, गेजची काच उन्हाने पिवळी पडते, आणि तोडणीच्या गडबडीत कुणाचा तरी पाय लागून नळी मोडते. शेजारी एक रंगीत काठी रोवा. पंजाबात भातासाठी वापरतात तो हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा स्वस्त टेन्सिओमीटर खरबुजाला लावायचा मोह होऊ शकतो, तो टाळा. भाताची ताणाची हद्द फार खाली असते, आपला सगळा खेळ त्याच्या लाल पट्टीपलीकडे चालतो.

ब्रिक्स मीटर

० ते ३२ ब्रिक्सचा, हातात धरून उजेडाकडे बघायचा साधा मीटर पुरेसा आहे. शंभर ग्रॅम द्रावणात एक ग्रॅम साखर म्हणजे एक ब्रिक्स. एकोणिसाव्या शतकातल्या अडोल्फ ब्रिक्स या जर्मन माणसाचं नाव त्याला चिकटलं. रसातली आम्लं आणि क्षारही त्या आकड्यात मोजले जातात, पण खरबुजात साखरेचा वाटा इतका मोठा असतो की व्यवहारात फरक पडत नाही. डिजिटल मीटर दिसायला छान आणि किमतीला कितीतरी पट. बांधावर त्याचा एवढाच फायदा की आकडा दोघांना सारखा दिसतो, व्यापाऱ्याशी वाद होत नाही.

घेताना डब्यावर 'एटीसी' आहे का बघा, म्हणजे तापमानाची आपोआप दुरुस्ती. तीही बहुतेक मीटरमध्ये १० ते ३० अंशांपुरतीच असते, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी रानातला मीटर चाळिशीला टेकलेला असतो. एटीसी नसलेला मीटर तीस अंशांना पाऊण ब्रिक्स कमी दाखवतो, त्याच्या वर आणखी. साडेअकरा आणि बारा यांवर भाव ठरत असताना पाऊण ब्रिक्स म्हणजे थट्टा नाही. उपाय फुकटचा: तपासणी सकाळी, झाडाखाली, फळ आणि मीटर दोन्ही अर्धा तास सावलीत ठेवून.

रोज पहिल्यांदा शून्य लावायचं. त्याला लागणारं डिस्टिल्ड पाणी म्हणजे गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी. दोन थेंब काचेवर, झाकण खाली, अर्ध्या मिनिटाने डोळा लावायचा; निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमारेषा शून्यावर नसेल तर वरचा छोटा स्क्रू फिरवायचा. बोअरच्या पाण्याने शून्य लावलं तरी फरक दशांशातच राहतो, पण क्षारांचे डाग काचेवर बसतात आणि मग रेषा कायमची धूसर होते. नळाखाली धरून धुणं हा मीटर मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग. पाणी आत शिरलं की भिंगावर धुकं येतं ते जात नाही. ओल्या सुती कापडाने पुसायचं, बस्स.

पण खरी चूक नमुन्यात होते. एकाच खरबुजात देठाकडची बाजू कमी गोड, फुलाकडची जास्त. सालीलगतचा गर फिका, बियांच्या पोकळीजवळचा गोड. बियांजवळचा लगदा पिळून 'चौदा आला' म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक. फळाच्या मध्यावरून, पोटाच्या घेरातून, जमिनीला टेकलेल्या आणि वरच्या अशा दोन्ही बाजूंच्या पाचरी काढा. साल आणि त्याखालचा हिरवा थर छाटा, आतला मऊ लगदा खरवडून टाका, उरलेला गर लिंबू पिळायच्या चिमट्यात घालून पिळा. पहिले थेंब सोडून पुढचा रस काचेवर घ्या. गराचे कण राहिले तर रेषा फाटकी दिसते, पुन्हा घ्या.

एकरी पाच-सहा फळं तपासा, आणि ती एकाच वयाची असू द्या. फळ लिंबाएवढं असतानाच त्या दिवशीच्या पाच-पंचवीस फळांच्या देठाजवळ रंगीत सुतळी बांधून ठेवली तर पुढचा सगळा गोंधळ टळतो. पहिली तपासणी तोडणीच्या अंदाजाआधी दहा दिवस, मग दर तिसऱ्या दिवशी. कापलेली फळं वाया जातात म्हणून कुरकुर होते. त्यांचा खर्च परत आलेल्या एका गाडीपुढे काहीच नाही.

आकड्यांची अपेक्षा काय ठेवायची? अमेरिकेच्या प्रतवारीत खरबुजाला नऊ ब्रिक्स म्हणजे 'चांगला' आणि अकरा म्हणजे 'अतिशय चांगला' दर्जा. आपल्या संकरित जातींकडून बाराच्या पुढची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

आणि या मीटरचा एक डाव ओळखून असा. कडक ताण दिला की ब्रिक्स चढतो, पण तो साखर वाढली म्हणून की फळातलं पाणी आटलं म्हणून, हे मीटर सांगत नाही. खरबूज शेवटी किलोवर विकतो, नुसत्या ब्रिक्सवर नाही. म्हणून सुतळी बांधलेल्या फळांपैकी तीन-चार न कापता त्यांचा घेर दर वेळी शिंप्याच्या टेपने मोजा. ब्रिक्स वाढतोय आणि घेर स्थिर आहे, हे हवं. घेर आकसतोय आणि ब्रिक्स अर्ध्या अंकाने वर गेला, तर खिशातून पैसे काढून गोडी विकत घेणं चाललंय.

दोन्ही हातात धरून

मध्यम जमिनीत क्रम साधारण असा बसतो. सालीवरची जाळी पूर्ण भरून तिचा हिरवा रंग फिकटायला लागला, ब्रिक्स आठ-नऊवर आला, की रोजचा दीड तास एका तासावर आणायचा. तीन दिवसांनी पाऊण तास. वरचा मीटर पंचेचाळीसकडे सरकू लागेल. पन्नास दिसला की त्या सकाळी पाऊण तास, मग एक दिवस विश्रांती. पहिल्या तोड्याआधीचे दोन दिवस बंद. मुरमाडात हा शेवटचा बंद नकोच. तिथे रोज वीस-पंचवीस मिनिटं, दोनदा विभागून. भारी रानात उलट: सगळा क्रम चार-पाच दिवस आधी सुरू करा, नाहीतर खालचा साठा संपेपर्यंत फळं पिकून देठापासून सुटून जातील.

तोडे एकाच दिवशी संपत नाहीत, ही खरी अडचण. पहिला तोडा झाल्यावर वेलावर दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची फळं असतात आणि त्यांना पानं हवी असतात. पहिल्या तोड्याच्या संध्याकाळी 'आता वेलाला पाणी दाखवू' म्हणून तीन तास ड्रिप चालवलं की दोन दिवसांत उरलेल्या फळांना देठापासून तडे. कोरड्या साली एवढ्या वेगाने ताणत नाहीत. सुकलेलं रान भरायचं तर वीस, तीस, चाळीस मिनिटं असं तीन सकाळी चढवत न्या. सकाळ महत्त्वाची, कारण रात्री पानांतून पाणी उडत नाही, मुळांनी ओढलेलं सगळं फळात जाऊन बसतं. शेतीची थ्री फेज लाइट मात्र बऱ्याच ठिकाणी आठवडाआड रात्रीची असते. रात्रीच्या पाळीत टाकी किंवा शेततळं भरून ठेवून सकाळी उतारावर किंवा छोट्या पंपाने सोडता आलं तर या पंधरवड्यात तो खटाटोप करण्यासारखा आहे.

पाणी कमी करताना खत तेवढंच ठेवण्याची चूकही सर्रास दिसते. तीन किलो ०:०:५० (पालाशचं विरघळणारं खत) पंधरा हजार लिटरमध्ये जाणं वेगळं आणि पाच हजार लिटरमध्ये जाणं वेगळं. मुळांजवळ क्षार तिप्पट. आधीच तहानलेल्या वेलाला तो वेगळाच ताण, आणि टेन्सिओमीटरला तो अजिबात दिसत नाही. पाणी निम्म्यावर आणलं तर पालाशचा हप्ताही विभागा. नत्र तर या वेळी बंदच.

अवकाळीचं काय? पंधरा-वीस मिलिमीटर पाऊस झाला तर ड्रिप पूर्ण बंद, सऱ्यांतलं पाणी त्याच दिवशी बाहेर, आणि देठाभोवती बारीक भेग दिसणारी फळं आधी काढून घ्या. सकाळी वरच्या मीटरने दहाच्या खाली उडी मारली असेल तर पुढचे तीन-चार दिवस ब्रिक्स उतरणार हे धरून चला आणि व्यापाऱ्याला गाडीची तारीख त्याप्रमाणे द्या. वरचा तीसवरच राहिला असेल तर मल्चिंगने काम केलं.

कलिंगडाला हीच जोडी चालते, पण तिथे ताण सौम्य हवा. फळ मोठं, साल जाड पण ठिसूळ, आणि पहाटे पाण्याने तट्ट फुगलेलं असतं तेव्हा बोटाच्या धक्क्यानेही तडकतं. कलिंगडाची तोडणी सकाळी लवकर न करता ऊन चढल्यावर करावी, ते यासाठीच. ब्रिक्सचा नमुना अगदी मधल्या लाल गाभ्यातून घेतला तर सगळी कलिंगडं गोडच निघतात. गाभा आणि साल यांच्या मधला घ्या. त्यांची अमेरिकी हद्द आठ आणि दहा.

खरेदीचं म्हणाल तर एकसारख्या जमिनीच्या प्लॉटला टेन्सिओमीटरची एक जोडी बास. निम्मं रान मुरमाड आणि निम्मं काळं असेल तर जोडी मुरमाडात लावा, काळ्यात गोळा वळा. ब्रिक्स मीटर पाच-सहा जणांत मिळून एक घेतला तरी चालतो, फक्त शून्य लावायची जबाबदारी एकाकडे द्या. सुटं टोक आणि गेज वेगळे मिळतात का हे दुकानात आधी विचारा. एका टोकापायी अख्खा मीटर टाकावा लागणारे नमुनेही बाजारात आहेत. हंगाम संपला की मीटर उपटताना नळी पिळू नका, आधी बुडाशी तांब्याभर पाणी ओता आणि मग सरळ वर ओढा. टोकावरची माती मऊ ब्रशने, साध्या पाण्याने काढा, साबण नको. नळी रिकामी करून, टोक पूर्ण वाळवून ठेवा. उंदरांना वरच्या रबराची गोडी फार, तेव्हा पत्र्याच्या डब्यात.